गुलाबांची पहाटपाळी

४ एप्रिल

प्रिय वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन बंद आहेत म्हणून लिहिते. फोन बंद करून सरकारने माझं एक भलं केलं, मला माझं अक्षर परत मिळालं. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी बोटांवर पट्ट्या मारून घडवलेलं हे वळणदार अक्षर इतकी वर्षं फक्त वाण्याच्या यादीपुरतं उरलं होतं.

परवा मी पायऱ्यांपर्यंत आले होते. तुझ्या लाँड्रीचं छप्पर तिथून दिसतं, वाळत घातलेलं काहीच दिसलं नाही. मधे लोखंडी अडथळा, वाळूची पोती आणि खुर्चीत बसून पाय हलवणारा एक पोलीस. मी म्हटलं, "खाली माझी भावजय राहते, पाच मिनिटांत येते." तो म्हणाला, "आजी, माणूस नाही, वाहन नाही, असा हुकूम आहे." आजी! घरी येऊन आरशात पाहिलं. हुकूम चुकीचा असेल, पण आजी बरोबर होतं.

हे पत्र अँब्युलन्सचा ड्रायव्हर आणेल. त्याची गाडी तेवढी वर-खाली जाते. तो म्हणतो, "बाई, माझ्या गाडीत झोपला की वरचाही आडवा आणि खालचाही आडवा." पाण्याच्या चावीघरापाशी दगडफेक झाली त्या दिवशी त्याने दोन्हीकडच्यांना एकाच फेरीत नेलं म्हणे, आणि ते वाटेतही भांडत होते.

आता माझी बातमी. आमच्या वरच्या आळीच्या समितीने मला निवेदन लिहायला सांगितलंय. पाणी आधी वरच्यांना आणि मग खालच्यांना हा क्रम का, त्यामागची परंपरा काय, हे चार पानांत, चांगल्या भाषेत. अध्यक्ष आपले दंतवैद्यच आहेत. ते म्हणाले, "तुमच्याइतकं सुंदर लिहिणारं आळीत आहे कोण?" माझा एक दात त्यांनी चुकून काढला होता, तेही मी त्या क्षणी विसरले. कौतुकापुढे मी लोण्यासारखी. ही शाळेपासूनची खोड.

तू घाबरू नकोस. पाणी साठवून ठेवत जा. आणि हो, माझ्या सहा चादरी तुझ्याकडे धुवायला होत्या, त्या बऱ्या आहेत ना?

तुझी,
वन्सं

७ एप्रिल

वन्सं,

तुमच्या चादरी सुखरूप आहेत. धुतल्या मात्र नाहीत. एकीवर मी झोपते, कारण माझ्या मळल्या आहेत आणि धुवायला पाणी नाही. लाँड्रीच्या मालकिणीकडे धुतलेली चादर नसावी, यावर तुम्ही चांगल्या भाषेत काही लिहाल का?

पाणी साठवून ठेवायला सांगितलंत. ठेवते. फक्त ते आधी यावं लागतं. तुमच्याकडे पहाटेपासून नळ वाहतो, तुमची भांडी, अंघोळी, गाड्या आणि कुंड्या झाल्या की उरेल ते दुपारी आम्हाला. यंदा तलावच खाली गेलाय, तेव्हा उरत नाही. आमचा नळ खोकतो आणि गप्प बसतो. म्हणून पोरं त्या दिवशी चावी फिरवायला गेली. दगड आधी कोणी मारला ते मला माहीत नाही, पण शेवटचा माझ्या इस्त्रीवाल्या मामांना लागला. ते भांडायला नव्हते गेले, हॉस्पिटलच्या उशांचे अभ्रे पोचवून परत येत होते. भुवईवर टाके पडलेत. डोळा वाचला.

हॉस्पिटलच्या चादरींचे ढीग दारापर्यंत आलेत. हौद कोरडा आहे, त्यात मांजर बसतं. लेक कधीपासून म्हणते आहे, सगळं विकून माझ्याकडे ये. यंत्रांना गिऱ्हाईक मिळालंय. एकोणीस तारखेला तो बघायला येईल, पटलं तर मी खालच्या रस्त्याने निघेन. हे तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं, पण आपल्यामध्ये तो पाय हलवणारा आहे.

निवेदन छान लिहा. आम्ही वाचू. नाहीतरी खालून वरच बघावं लागतं.

वहिनी

१० एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. तू गेलीस तर या गावात माझं असं उरतं कोण? दादाने तुझ्याशी लग्न केलं तेव्हा अख्खी आळी म्हणाली, वरच्या घरात खालची सून. आईने तीन दिवस डोक्याला पट्टी बांधली होती. मग दादाच खाली येऊन राहिला आणि त्याने लाँड्री काढली. तेव्हा मी त्याला म्हणाले होते, "अरे, लोकांचे कपडे धुणार तू?" तो म्हणाला, "अगं, कोणीतरी धुतो म्हणूनच तू इतकी पांढरी दिसतेस." तो गेला, तरी ती लाँड्री आहे तोवर तो तिथे हौदाशी उभा आहे असं मला वाटतं. भीतीपोटी इतकं मोठं पाऊल उचलू नकोस. चार दिवसांत सगळं निवळेल. साहेबाच्या काळात असं काही होत नसे.

तुझं मन रमावं म्हणून निवेदनातला माझा आवडता भाग उतरवून पाठवते. गोष्ट तुला माहीत आहे, पण या वेळी जरा फुलवून लिहिली आहे. वाच:

"या टेकडीवर जेव्हा साहेबाचा बंगला होता, तेव्हा मडमबाईंनी सातासमुद्रापलीकडून गुलाबाची रोपं आणली. दुपारच्या उन्हात पाणी घातलं की रोपं करपत. मडमबाई रडत. तेव्हा बागेचे मुकादम, म्हणजे प्रस्तुत लेखिकेचे आजोबा, अदबीने पुढे झाले आणि म्हणाले, साहेब, गुलाबाला पहाटे पाणी पाहिजे. साहेबाने त्याच दिवशी हुकूम काढला की चावी पहाटे वरच्या बाजूला फिरवावी, बाग भिजली की खालच्या वस्तीला सोडावी. त्या पहाटेपासून आजतागायत हा क्रम अखंड चालत आला आहे. एका स्त्रीच्या अश्रूंतून आणि एका माळ्याच्या शहाणपणातून जन्मलेली ही परंपरा."

'आजतागायत हा क्रम अखंड' इथे मला पेन खाली ठेवून डोळे पुसावे लागले. खरं सांग, छान उतरलंय ना?

तुझी,
वन्सं

१२ एप्रिल

वन्सं,

छान उतरलंय. मी लाँड्रीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. काम नाही, त्यामुळे श्रोते भरपूर. मडमबाई रडल्या तिथे इस्त्रीवाले मामा इतके हसले की टाके दुखले. मग ते एकदम थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आपण गुलाबांनंतर?"



तुम्ही ही गोष्ट माझ्या लग्नापासून सांगताय. पहिल्यांदा नव्या सुनेला घर दाखवताना सांगितलीत, मग प्रत्येक पाहुण्याला, प्रत्येक चहाला. मीही दर वेळी "किती गोड" म्हणत आले, तेव्हा दोष एकट्या तुमचा नाही. पण आता जरा ती परत वाचा, चष्मा पुसून. तो माणसांचा क्रम नव्हताच. ती रोपांना पाणी घालायची वेळ होती. मडम गेली, साहेब गेला, गुलाब गेले, बागेच्या जागी तुमच्या क्लबच्या गाड्या उभ्या राहतात, आणि तरी रोज पहाटे त्या बागेला पाणी घातलं जातंय. त्यासाठी मामांच्या भुवईला टाके.

तुमच्यावर रागावले नाही. आमच्याकडेही समिती आहे, त्यांचंही निवेदन आहे. त्यात लिहिलंय की आमचे पूर्वज शूर योद्धे होते आणि त्यांनी हा तलाव भाल्यांनी खणला. भाल्यांनी! मी विचारलं, मग कुदळी काय लढाईला नेल्या होत्या? मला बैठकीला बोलवायचं बंद केलं. खरं काय, तर साहेबाने आसपासच्या खेड्यांतून माणसं आणली. त्यातले शिपाई, खानसामे, कारकून हाताशी हवेत म्हणून वर ठेवले, खणणारे खाली. मग कुठल्याशा पुस्तकात छापलं की टेकडीवरचे जात्याच इमानी आणि खालचे जात्याच कटकटे. शिपायाची नोकरी मग वरच्यांनाच. आज तुमचे पुढारी पहिलं अर्धं वाक्य वाचतात, आमचे दुसरं अर्धं वाचून चिडतात, आणि चिडले की लोक म्हणतात, बघा, कटकटे.

मी भीतीपोटी जात नाही, वन्सं. पाण्यापोटी जाते. लाँड्री दगडांवर चालते, धमक्यांवर चालते, उधारीवरसुद्धा चालते. पाण्याशिवाय नाही चालत.

निवेदन द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

वहिनी

१६ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी कुंड्यांना पाणी घालत होते. पहाटेची वेळ. हातातली झारी खाली ठेवायचं भान नव्हतं, सगळं पाणी चपलेत गेलं.

मग क्लबवर गेले. बागेची जागा इतक्या वर्षांत मी कधी पाहिलीच नव्हती, आठवलीच होती. आठवणीत तिथे गुलाब असतात. प्रत्यक्षात दंतवैद्यांची गाडी होती, आणि एक माणूस तिला पाइपने अंघोळ घालत होता. मी इतका वेळ बघत राहिले की तो म्हणाला, "बाई, तुमची गाडी आणायचीय का?"

शाळेत आम्ही न पाहिलेल्या फुलांवरच्या कविता पाठ म्हणायचो, डोळे मिटून, मान डावीकडे कलती करून. मी पुढे तेच शिकवलं. दुसऱ्याच्या बागेवर गहिवरायचं माझं रीतसर शिक्षण झालं आहे, वहिनी. आपला म्हणून कोणता हक्क असतो ते काही शिकवलं नाही, पण गहिवर मात्र पहिल्या वर्गाचा.

काल समितीची बैठक झाली. ठरवलं होतं, गोष्ट वाचायची, म्हणजे त्यांना आपोआप कळेल. वाचली. वहिनी, त्यांनी टाळ्या वाजवल्या! एका बाईंनी डोळे टिपले. दंतवैद्य म्हणाले, "हाच तो पुरावा. चावीघरासमोर गुलाब लावू आणि पाटी बसवू." ठराव मांडून झाला. मी उभी राहिले. खरं म्हणजे मला फार बाणेदार काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून आलं, "माफ करा, पण गुलाब आता कुठे आहेत?"

"लावायचेच आहेत ना, ताई."

"तसं नाही. माफ करा. पाणी गुलाबांसाठी होतं. आपण गुलाब नाही आहोत."

दोनदा माफी मागून क्रांती करणारी मी पहिलीच असेन. दंतवैद्य समजुतीच्या आवाजात म्हणाले, "ताई दमल्या आहेत." कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "भावजय खालची आहे ना, चालायचंच." तेव्हा मात्र मला कसलासा चेव आला. म्हटलं, "भावजयच काय, आजोबाही खालचे. त्यांचं घर लाँड्रीच्या हौदामागे होतं. गुलाबांजवळ झोपायला माळी हवा म्हणून साहेबाने त्यांना वर आणलं. आम्ही वरचे आहोत ते फक्त रोपं करपत होती म्हणून."

घरात हे सगळ्यांना माहीत असायचं आणि कोणी बोलायचं नाही, आठवतं? आई तर हौद शब्दसुद्धा उच्चारत नसे. माझ्या हातात अर्धं बिस्किट तसंच होतं. ते बशीत परत ठेवून मी घरी आले. निवेदन फाडलं. फाडायच्या आधी 'अश्रूंतून आणि शहाणपणातून' हे वाक्य पुन्हा एकदा वाचलं. छानच होतं ते.

आता नीट वाच, कामाचं आहे. माझं घर म्हणजे आजोबांची खोली. बागेचा जुना नळ माझ्या परसात आहे, पाणी सुटलं की सगळ्यांत आधी तिथे येतं. आणि पायऱ्या माझ्या कुंपणापासूनच उतरतात, थेट तुझ्या हौदाकडे. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. तू कधी मागितलं नाहीस, आणि मी फक्त सल्ले देत राहिले. ते फुकट असतात आणि ओलेही नसतात.

माझा पाइप अर्ध्या पायऱ्यांपर्यंत पुरतो. उरलेला शाळेच्या मैदानाचा, मदरकडून मागून आणला. त्या म्हणाल्या, "वापरून झाला की गुंडाळून परत, आणि पीळ पडू देऊ नका." कशाला हवा ते विचारलं नाही. पोलिसाला मात्र विचारावं लागलं. म्हटलं, "हुकूम काय आहे?" म्हणाला, "माणूस नाही, वाहन नाही." म्हटलं, "पाइप?" त्याने पाय हलवायचे थांबवले, खूप विचार केला आणि म्हणाला, "पाइपाचं काही लिहिलेलं नाही, आजी."

परवा पहाटे नळ सोडते. मांजराला हौदातून बाहेर काढ.

वन्सं

१९ एप्रिल

वन्सं,

काल पहाटे आम्ही सगळे हौदाभोवती उभे होतो. पाइपातून आधी हवा आली, मग एक बेडूक, मग गढूळ पाणी आणि मग चांगलं. बेडूक वरच्या आळीतला असल्याने मामांनी त्याला मानाने बाहेर ठेवलं.

हौद अर्धाच भरला. धार करंगळीएवढी. पण यंत्रं सुरू झाली. आधी हॉस्पिटलच्या चादरी, मग तुमच्या.

आज गिऱ्हाईक आला. मी त्याला यंत्र दाखवायला चालू केलं. ड्रम फिरू लागला, तो तुमच्या दादांचा जुना खडखडाट आला, खालचा लाकडी ठोकळा हलला. तो ठोकळा त्यांनीच बसवला होता. गिऱ्हाईक म्हणाला, "आवाज करतं." मी म्हटलं, "हो, बोलतं ते." तो किंमत पाडायला लागला आणि मला एकदम हलकं वाटलं. म्हटलं, "तुम्हाला नाही परवडायचं."

पण वन्सं, हे कायमचं आहे असं समजू नका. लेकीला फक्त पावसापर्यंत थांबते म्हणून कळवलंय. करंगळीएवढ्या धारेवर धंदा होत नाही, हट्ट होतो. आणि तो पाइप तुमच्या आळीला दिसत असेलच. सांभाळून.

वहिनी

२२ एप्रिल

प्रिय वहिनी,

दिसला. काल नळ सोडला आणि पाणी वाटेतच पायऱ्यांवर सांडलं. पाइप कापलेला होता. सुरीने, सरळ, सुबक. इतका सुबक काप आमच्या आळीत एकाच माणसाच्या हातून जातो, पण पुराव्याशिवाय बोलू नये.

मी पायरीवर बसून रडले. पुढचं सांगते, हसू नकोस. माझी शेकायची रबरी पिशवी होती ना, तिचा गळा कापून मी जोड केला. पोलिसाने काथ्या दिला आणि गाठ मारली. "मी काही केलेलं नाही," असं तो गाठ मारताना म्हणत होता. जोड गळतो. अडथळ्यापाशी छोटंसं डबकं होतं, आणि आज तिथे दोन बायका कळश्या घेऊन उभ्या होत्या, एक वरची आणि एक खालची. दोघींनी नंबर लावला. आधी कोण यावर जरा बाचाबाची झाली. वरची म्हणाली, "आमची परंपरा आहे." खालची म्हणाली, "हो, आणि तू गुलाब." म्हणजे गोष्ट पसरली आहे. मीच पसरवली, चाळीस वर्षं, पण आता तिला काटे आले.

संध्याकाळी दंतवैद्य आले. बगलेत गाठोडं. लाँड्री बंद पडल्यापासून त्यांचे पांढरे कोट धुतले गेले नाहीत. घरी पाणी धो धो, पण धुणार कोण? स्वतः धुतले तर निळे झाले म्हणे, सोबत पडदा टाकला होता. म्हणाले, "ताई, गुलाबांच्या मुद्द्यावरचे आपले मतभेद कायम ठेवून, हे तेवढे खाली पाठवता येतील का?"

मी म्हटलं, "पाइप शाबूत राहिला तर."

ते पाइपाकडे बघत म्हणाले, "राहील."

आता माझ्या पडवीत अकरा गाठोडी आहेत. अख्खी इमानी टेकडी मळलेली आहे, वहिनी. आम्ही शंभर वर्षं पाणी धरून बसलो आणि चादर धुवायला शिकलो नाही.

पावसापर्यंत म्हणतेस. बरं. मी पावसानंतरचं काही विचारत नाही. मला विचारायचंय, पण विचारत नाही.

वन्सं

२४ एप्रिल

वन्सं,

गाठोडी ड्रायव्हरबरोबर पाठवा. तो स्ट्रेचरवर ठेवून आणीन म्हणतो, वर पांघरूण घालून. दंतवैद्यांचे कोट वेगळे बांधा, त्यांचा निळा रंग आम्ही फुकट ठेवू.

काल खालच्या समितीचे दोघं आले होते. वरच्यांचे कपडे धुतेस, लाज नाही वाटत? मी म्हटलं, भाले आणून द्या, धोपटायला उपयोगी पडतील. गेले. पुन्हा येतील. तुमच्याकडचाही पाइप पुन्हा कापतील. चावी अजून त्याच हुकमाने फिरते, आणि पायऱ्या बंदच आहेत. मामा म्हणतात, आपली एक करंगळी आणि त्यांचा अख्खा हात. खरं आहे.

हौदामागच्या भिंतीशी परवा झाडून घेतलं. तिथे एक जुनी दगडी चौकट आहे, दाराची असावी. आजोबांचं घर ते हेच का, विचारून ठेवते. तुम्ही याल तेव्हा बघा. तोवर तिच्याशी मी पाण्याचा पाइप टेकवलाय.

लेकीला पुन्हा निरोप धाडला, पावसानंतरही थांबते आहे. कारण विचारलं तर काय सांगू, म्हटलं तुझ्या आत्याला पहाटे उठायची सवय लागलीय, ती मोडायला नको.

गुलाब म्हणजे आता या मळलेल्या चादरी, इथे पुष्कळ साठल्यात. उद्या पहाटे नळ सोडायला विसरू नका. आजोबा एक दिवसही विसरले नसते.

तुमची,
वहिनी